सलीम अली तालाब आणि आम्ही

औरंगाबादच्या दिल्ली दरवाज्याजवळ, हिमायत बागेच्या समोर एक तळे आहे. कागदोपत्री त्याचे नाव डॉ. सलीम अली सरोवर. जुनी माणसे त्याला खिजरी तालाब म्हणत. त्या नावात ख्वाजा खिज्र ऐकू येतात, ज्यांना लोकसमजूत पाण्याचे रखवालदार मानते. पुढे कधीतरी पक्ष्यांवर प्रेम करणाऱ्यांनी आग्रह धरला आणि तळ्याला सलीम अलींचे नाव मिळाले. या शहराचे स्वतःचे नाव 2023 पासून सरकारदरबारी छत्रपती संभाजीनगर झाले आहे. नावांच्या त्या वादात आम्हाला इथे शिरायचे नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांची घरे या तळ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, एवढेच सांगायचे आहे.

एकदा सातवीच्या वर्गात आम्ही विचारले, "सलीम अली कौन थे?"

वर्गात चुळबुळ झाली. एक म्हणाला, तालाब खोदणारा बादशहा. दुसऱ्याने त्याला दुरुस्त केले, बादशहा नाही, निजामाचा इंजिनियर. तिसऱ्याने छातीठोक सांगितले की ते आमच्या वॉर्डाचे जुने नगरसेवक होते. मुले हसली नाहीत. नगरसेवकाचे नाव तळ्याला असणे त्यांना अगदी शक्य वाटले. हसलो आम्हीच, पण मग विचार करत बसलो. दरवाजे, मशिदी, मकबरे यांवरची नावे आमच्या मुलांना तोंडपाठ असतात. मलिक अंबरने 1610 च्या सुमारास खडकी वसवली, नहरी बांधल्या, हे ती परीक्षेत लिहितात. पण आमच्याच शतकातला एक मुसलमान माणूस जगभर पक्ष्यांचा जाणकार म्हणून ओळखला गेला, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

तेव्हा सांगितले. सलीम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 चा, मुंबईतल्या सुलेमानी बोहरा कुटुंबातला. वडील ते वर्षाचे असताना गेले आणि आई तीन वर्षांचे असताना. खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजींच्या घरी ते वाढले. मामा शिकारीचे शौकीन. भाच्याच्या हाती छर्ऱ्यांची बंदूक आली आणि तो चिमण्या टिपू लागला. एके दिवशी पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे. मग खावी की न खावी? मुसलमानाला चालेल का? मामांकडे उत्तर नव्हते. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथले सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखला, पिवळ्या कंठाची रानचिमणी, आणि मग कपाटांचे खण उघडून भुसा भरून ठेवलेले शेकडो पक्षी त्या मुलाला दाखवले. सलीम अलींच्या आयुष्याची दिशा तिथे ठरली. 1985 साली आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातही ती चिमणी आहे.

इथे आमचा वर्ग जिवंत झाला. "सर, फिर वो चिडी हलाल थी क्या?" सगळ्यांना तेच जाणून घ्यायचे होते. पक्षीशास्त्र बाजूला राहिले आणि फिक्हचा तास सुरू झाला. पंजाने शिकार धरणारे पक्षी नाहीत, दाणे खाणारे आहेत, इथपर्यंत मुले स्वतःच पोहोचली. घार का नाही, बदक का चालते, बगळ्याचे काय, यावर दोन मुलांची जुंपली. चोच आणि पंजे पाहून पक्षी काय खातो हे ओळखणे हा विज्ञानाच्या पुस्तकातला धडा आहे. तो त्या दिवशी कुणी न शिकवता शिकून झाला.

सलीम अलींकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, हेही आम्ही मुद्दाम सांगितले. ब्रह्मदेशात घरच्या धंद्यात राहिले, तिथे जंगलातच जास्त रमले. मुंबईच्या संग्रहालयात मार्गदर्शकाची नोकरी केली, बर्लिनला जाऊन शिकून आले, तर परत येईपर्यंत नोकरीच उरली नव्हती. मग पत्नी तहमिनाबरोबर अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि 1930 च्या पावसाळ्यात सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांवर नजर ठेवली. त्यानंतरची गोष्ट आमच्या मुलखाची. 1931-32 मध्ये त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. पगार मागितला नाही, प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च तेवढा द्या म्हणाले. औरंगाबाद तेव्हा त्याच संस्थानात होते. म्हणजे तळ्याला दिलेले नाव मुंबईहून उसने आणलेले आहे असे समजायचे कारण नाही.

आमच्या उर्दू शिक्षणाची एक गंमत आहे. पक्षी आमच्या पुस्तकात भरपूर आहेत, पण ते फारसीतून उडत आलेले आहेत. शायरीतली बुलबुल ही इराणच्या बागेतली गाणारी बुलबुल. आमच्या शाळेच्या कुंपणावर बसणारी, शेपटीखाली लाल असलेली बुलबुल वेगळ्याच घराण्यातली. इक्बालचा शाहीन प्रत्येक निरोप समारंभात भाषणाला येतो. शाहीन हा खरोखरीचा ससाणा आहे आणि सह्याद्रीच्या कड्यांवर राहतो, हे भाषण करणाऱ्यालाही ठाऊक नसते. उलट ज्या पक्ष्यांची नावे मुलांना मदरशातूनच माहीत असतात ते समोर असतात आणि दिसत नाहीत. हजरत सुलेमानांचा निरोप्या हुदहुद हिमायत बागेतल्या गवतात चोच खुपसत फिरतो. त्याला मराठीत हुप्प्या म्हणतात. शहराच्या जुन्या दरवाज्यांच्या कमानीखाली पिसे आणि गवत थुंकीने चिकटवून घरटी करणाऱ्या पाकोळ्यांना आमच्याकडे अबाबील म्हणतात. अबरहाच्या हत्तींची गोष्ट ज्याला पाठ आहे असा मुलगा त्या कमानीखालून रोज शाळेत येतो. एकदा मान वर करून दाखवली की पुढे तो आपणहून पाहतो.

आता तळ्याकडे येऊ. लांबून पाहिले तर हिरवेगार दिसते. त्यातला बराचसा हिरवा रंग जलपर्णीचा असतो. वरच्या वसाहतींचे सांडपाणी वर्षानुवर्षे यात येत राहिले. त्यातले नत्र आणि स्फुरद म्हणजे जलपर्णीला आयते खत. ती पसरली की खाली उजेड पोहोचत नाही, कुजली की पाण्यातला प्राणवायू खाते, आणि मग एखाद्या सकाळी मासे पांढरी पोटे वर करून तरंगतात. शहराची शोकांतिका अशी की याच शहराने कित्येक वर्षे नळाच्या पाण्यासाठी अनेक-अनेक दिवस वाट पाहिली. पाणी आणायचे पन्नास किलोमीटरवरच्या जायकवाडीहून, आणि मलिक अंबरच्या काळापासून पाण्याची जाण असलेल्या गावातली तळी आणि खाम नदी मात्र गटारासारखी वापरायची.

तरीही पक्षी आहेत. वारकरी, टिबुकली, जांभळी पाणकोंबडी, हळदी-कुंकू बदक, ढोकरी, रातबगळा. थंडीत उत्तरेकडून बदके येतात. त्यांचा मोठा मुक्काम पैठणच्या नाथसागरावर असतो, जो 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे रोहित येतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. आमच्या तळ्यात त्या मानाने फुटकळ वस्ती. पण पैठणला जायला गाडीभाडे लागते आणि हे तळे शाळेच्या वाटेवर आहे.

तळ्याबद्दल शहरात दोन मते आहेत. हे लोकांसाठी उघडावे, नावा सोडाव्यात, हे एक. पक्ष्यांसाठी बंद ठेवावे हे दुसरे. हा वाद उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंत गेला. आम्ही दुसऱ्या बाजूचे आहोत. 'सुशोभीकरण' या शब्दाची आम्हाला भीती वाटते. सुशोभीकरण म्हणजे काठाला दगडी भिंत, फरशी, दिवे, कारंजे. पाणकोंबडीला पाणकणसाची दाट बेटे लागतात, तुतवाराला घोट्याएवढ्या पाण्यातला चिखल लागतो, रातबगळ्याला अंधार लागतो. काठ सरळ आणि स्वच्छ केला की माणसाला बरे वाटते आणि चिखलातले किडे खाणारा पक्षी उपाशी राहतो. जलपर्णी काढावी, सांडपाणी थांबवावे, पण चिखल आणि गवत राहू द्यावे, एवढेच म्हणणे आहे. सगळी झाडेझुडपे उपटून 'स्वच्छ' केलेले तळे म्हणजे मोठा हौद.

पण बंद ठेवण्याच्या बाजूचे असूनही एक गोष्ट आम्हाला खुपते. तळ्याच्या प्रश्नावर कुठे बैठक झाली की कुणीतरी हमखास म्हणतो, "आजूबाजूची वस्ती घाण करते." वस्ती म्हणजे कोण, हे नाव न घेता सर्वांना कळते. सांडपाणी पाइपातून येते आणि पाइप बंगल्यांतूनही निघतो, अपार्टमेंटमधूनही निघतो. झोपडीवाल्याची घाण दिसते, कारण त्याच्याकडे ती लपवायला पाइप नाही. अशा बैठकांत आमच्यासारखे एक-दोघे असतात आणि बोलतात तेव्हा बाकीचे आदराने ऐकतात. पुढच्या बैठकीत तेच वाक्य पुन्हा येते. दोष बोलणाऱ्यांचाच आहे असे नाही. त्या खोलीत तळ्याकाठचा माणूस बसलेला नसतो. त्याला कुणी बोलावत नाही आणि बोलावले तर तोही म्हणतो, "हमकू क्या करना है परिंदों का?"

हे मात्र खरे नाही. परिंद्यांचे वेड आमच्या मोहल्ल्यात जेवढे आहे तेवढे कुठे नसेल. गच्चीवर कबुतरांच्या पेट्या, दारात पिंजरा, पिंजऱ्यात मिठ्ठू. त्याला 'अस्सलामु अलैकुम' शिकवलेले असते आणि पाहुणा आला की घरच्या म्हाताऱ्या खाला त्याला बोलायला लावतात. आजारी पडला तर दम करून पाणी पाजतात. हे प्रेमच आहे. पण पोपट डोंगरातल्या ढोलीतून पिल्लू असतानाच काढलेला असतो, आणि एक पिल्लू घरापर्यंत पोहोचेपर्यंत वाटेत किती मेली याचा हिशेब कुणी ठेवत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. 1991 पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावर पूर्ण बंदी आहे. पोपट, मुनिया, तितर पकडणे गुन्हा, विकणे गुन्हा आणि घरी ठेवणेही गुन्हा. कबुतरे आणि परदेशातून आलेल्या जातींची बजरी यांची गोष्ट वेगळी. हे सांगितले की आमच्या मोहल्ल्यात लोक अविश्वासाने पाहतात. "मिठ्ठू पालना गुनाह है?" त्यांच्या मनात गुनाह हा शब्द कायद्याचा नसतो, आखिरतचा असतो. तेव्हा आम्हीही त्याच अंगाने बोलतो. सफरीत असताना काही साथीदारांनी एका पक्षिणीची पिल्ले उचलली, ती वर घिरट्या घालू लागली, आणि प्रेषितांनी (स.) पिल्ले परत करायला लावली, हा प्रसंग पुष्कळांनी ऐकलेला असतो. पिंजऱ्याशी तो कुणी जोडलेला नसतो.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. अभ्यासात मागे, हजेरीत त्याहून मागे. पावसाळ्याच्या शेवटी आम्ही वर्गाला तळ्याच्या जाळीपर्यंत चालवत नेले. आमच्या हातात मराठीतले सचित्र पुस्तक, गळ्यात एकच दुर्बीण, आणि पस्तीस मुले. आम्ही पुस्तकातली पाने उलटत होतो आणि तो मागून हळूच सांगत होता. पनडुब्बी. टिटहरी, अंडे कहीं पास में है इसलिए चिल्लारी. पतरिंगा. आवाज ऐकूनच सांगत होता, मान वळवायचीही गरज त्याला नव्हती. आम्ही त्याला पुढे घेतले. बाभळीवर सुगरणीची घरटी लोंबत होती, काही पुरी, काही हेल्मेटसारखी अर्धी. कुणी विचारले, अर्धी का सोडली? तो म्हणाला, "नर बनाता. मादा आके अंदर से देखती. पसंद नहीं आया तो चली जाती. फिर वो दूसरा बनाता. पसंद आया तो वो बैठती, और ये फिर तीसरा बनाने लगता, दूसरी के वास्ते."

सुगरणीचा नर एकामागून एक घरटी बांधतो, मादी तयार होत आलेले घरटे पाहून निवड करते, एका नराच्या अनेक माद्या असू शकतात, हे सलीम अलींनी किहीमला महिनोन् महिने पाहून मांडले आणि त्यांचे नाव झाले. आमच्या बॅकबेंचरने ते कुठे वाचले असणार? आम्ही विचारले, तुला कसे माहीत? तो गप्प झाला. दुसऱ्या मुलांनी सांगितले: "सर, इसके अब्बा परिंदे पकडते."

आमची अवस्था अवघड झाली. पुढच्याच आठवड्यात आम्ही कायद्याचा धडा घेणार होतो, पोस्टरही तयार होते. तो धडा घेतला तर या एका मुलाला सगळा वर्ग वळून पाहणार. न घ्यावा तर बाकी चौतीस घरांतले पिंजरे तसेच राहणार. आम्ही धडा घेतला, पण पकडणाऱ्यापासून सुरुवात केली नाही, विकत घेणाऱ्यापासून केली. ज्यांच्या घरी मिठ्ठू आहे त्यांनी हात वर करा म्हटले. अकरा हात वर आले. मग कायदा सांगितला. पकडणाराच काय तो चोर, हा समज अकरा हातांपुढे टिकणे कठीण होते.

तरी बातमी घरी पोहोचली. तीन दिवसांनी वडील शाळेत आले. खुर्चीवर बसायला तयार नव्हते. म्हणाले, "सर, आप पढे-लिखे लोग, आपका कहना सही होगा. मेरे वालिद येइच करते थे, उनके वालिद बी. मुनिया का जोडा कौन लेता, मालूम? गरीब नहीं लेता. गाडी में से उतर के लेते. पकडे तो मेरेकू पकडते. उनकू कोई नहीं पूछता." आमच्याकडे उत्तर नव्हते. धंदा सोडा, हे सांगायला सोपे आहे. संध्याकाळची रोटी कुठून येणार, हे सांगायला ना बी.एड.च्या अभ्यासक्रमात काही होते ना शासनाच्या परिपत्रकात. आम्ही त्यांना चहा दिला आणि एका माणसाची हकिकत सांगितली.

बिहारमध्ये मीरशिकार नावाचा समाज आहे, मुसलमान, पिढ्यान् पिढ्या पक्षी पकडणारा. सलीम अलींच्या सोसायटीला स्थलांतरित पक्ष्यांच्या पायात कड्या घालायच्या होत्या, म्हणजे पक्षी कुठून येतो, कुठे जातो ते कळावे. त्यासाठी पक्षी जिवंत, पंखही न दुखावता पकडावा लागतो. ही विद्या कोणत्याही विद्यापीठात नव्हती. ती मीरशिकारांकडे होती. त्यातले अली हुसेन सोसायटीत आले, आणि ज्या हातांनी पक्षी बाजारात गेले असते त्या हातांनी ते कडी घालून सोडले. पुढे पक्षी पकडण्याच्या त्यांच्या हातोटीसाठी त्यांना देशाबाहेरही ओळख मिळाली. सलीम अलीही काही हळव्या मनाचे नव्हते. त्यांनी अभ्यासासाठी हजारो पक्षी बंदुकीने टिपले आणि त्याचे समर्थनही केले. कातडे हातात घेतल्याशिवाय त्या काळी पक्ष्याची जात पक्की करता येत नसे. आज दुर्बीण, कॅमेरा, ध्वनिमुद्रण आले आहे आणि तशी गरज फार थोडी उरली आहे.

वडिलांनी शांतपणे ऐकले. उठताना म्हणाले, "ऐसी नौकरी औरंगाबाद में है क्या?"

नव्हती. अजूनही नाही. अभ्यासक येतात, गणना करतात, अहवाल लिहितात. गाडी, दुर्बीण, दुपारचे जेवण यांना अंदाजपत्रकात रक्कम असते. ज्याला आवाजावरून चाळीस पक्षी ओळखता येतात त्याच्यासाठी रकाना नसतो. आम्हाला वाटते, शहराभोवतालचे माळ, तळी, डोंगर यांचे जे काही वाचवायचे असेल ते यांच्याखेरीज वाचणार नाही. यांनी मनात आणले तर एका हिवाळ्यात एक माळ रिकामा होतो, आणि यांनीच मनात आणले तर त्या माळावर दुसरा कुणी जाळे लावू शकत नाही. वनरक्षकाला जाळे दिसायच्या आधी यांना दिसते. वडिलांनी पुढे जाळे ठेवून दिले असे मुलगा सांगतो. आता ते भाड्याची रिक्षा चालवतात. पुरते सोडले की नाही, हे आम्ही विचारत नाही.

मांजाचे काम त्या मानाने सोपे गेले. जानेवारीत आमच्याकडे पतंगांचे वेड असते. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये बंदी घातली, तरी तो मिळतोच. कापलेला दोरा झाडांत अडकतो आणि फेब्रुवारीपर्यंत घारी, बगळे, कबुतरे त्याला लोंबकळून मरतात. इथे मोहल्ल्याने चटकन ऐकले, कारण मांजाने माणसांचेही गळे कापले होते. आमच्या इमाम साहेबांनी जुम्याला दोन मिनिटे त्यावर घातली. आमच्या वर्षभराच्या पोस्टरांपेक्षा त्या दोन मिनिटांचे वजन जास्त पडले. मुलांनी झाडांवरून काढलेल्या मांजाचा गुंता शाळेत आणला, तो शिक्षक-खोलीच्या टेबलाएवढा झाला. त्यात एका पाकोळीचा पंख होता.

महाराष्ट्रात 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. 12 तारीख सलीम अलींच्या जन्माची आणि 5 तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची. सोलापूरचे चितमपल्ली, वनखात्यात आयुष्य घालवलेले, 2025 च्या जूनमध्ये गेले. रानातल्या माणसांच्या तोंडची नावे गोळा करून त्यांनी मराठीत पक्षिकोश केला. एका मुसलमान इंग्रजी लेखकाच्या आणि एका मराठी लेखकाच्या वाढदिवसांमध्ये हा आठवडा अडकवलेला आहे, याचे आम्हाला उर्दू शाळेत फार अप्रूप वाटते. या सप्ताहात आम्ही एक वही सुरू केली. डावीकडे मराठी नाव, मध्ये उर्दू, उजवीकडे त्या मुलाचे नाव, म्हणजे त्याच्या घरात चालणारे. सुगरण, बया, बया. टिटवी, टिटहरी, टिटोडी. वेडा राघू, पतरिंगा, पतरिंगा. तांबट पक्ष्याला त्याच्या घरी 'टुकटुक' म्हणतात. मराठीने आणि इंग्रजीने मात्र दोघांनी त्या आवाजात तांब्यावर पडणारा हातोडाच ऐकला. काही ओळींत मधला रकाना रिकामा आहे. उर्दूत त्या पक्ष्याला नाव असेलही, आम्हाला सापडले नाही. दोन ओळींत मराठीचा रकाना रिकामा आहे, कारण मुलगा सांगतो तो पक्षी पुस्तकात कोणता हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. त्याचा रकाना कुठेही रिकामा नाही.

तो आता नववीत आहे. विज्ञानात पास होतो, गणितात रखडतो. मागच्या पक्षी सप्ताहाच्या आधी आम्ही एका कार्यालयात अर्ज दिला: तळे बंद आहे ते योग्यच आहे, पण आठवड्यातून एक सकाळ, शिक्षकासोबत, एका विद्यार्थ्याला आत बसून नोंदी करू द्याव्यात. कारकुनाने अर्ज वाचला आणि विचारले, मुलाची पात्रता काय? आम्ही म्हटले, आवाज ओळखतो. त्याने 'पात्रता' या शब्दापुढे पेन्सिलीने 'इयत्ता आठवी' लिहिले, आवक क्रमांक टाकला आणि पोच दिली. उत्तर यायचे आहे. तोपर्यंत शनिवारी सकाळची शाळा सुटली की तो जाळीबाहेर उभा राहून मोजतो. गेल्या शनिवारी वारकरी त्रेसष्ट, टिबुकल्या नऊ, आणि पाणकणसात एक आवाज, जो त्यालाही नवा होता.